मागची मूठ

माझ्या काकांना कचेरीत सगळे 'शेपूट' म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. आणि काका त्या हाकेला ओ द्यायचे. मला लहानपणी याचा भयंकर राग यायचा. एकदा कचेरीच्या व्हरांड्यात मी एका कारकुनाला सुनावलं होतं, "शेपूट असेल तुमचं!" काकांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण ते हसत होते. म्हणाले, "अगं, खरंच बोलतात ते. तुझा बाप मुंडी होता, मी शेपूट."

जमीन मोजण्याच्या खात्यात दोघं भाऊ साखळी धरायचे. माझे बाबा थोरले, म्हणून पुढचं टोक त्यांचं. काका धाकटे, मागचं टोक त्यांचं. साखळी म्हणजे खरीखुरी साखळी, जाड तारेच्या लांबट कड्यांची, दोन्ही टोकांना पितळी मूठ. मध्ये ठरावीक अंतरावर पितळेचे दातेरी बिल्ले, डोळे मिटून बोट फिरवलं तरी कितव्या कडीवर आहोत ते कळावं म्हणून. पुढच्याने दहा लोखंडी सळ्या घेऊन लांबवर रोवलेल्या लाल-पांढऱ्या काठीच्या दिशेने चालायचं. मागच्याने आपली मूठ सुरुवातीच्या खुंटीला टेकवून एक डोळा मिटायचा आणि हाताने खुणा करायच्या: डावीकडे, अजून थोडं, बस. पुढच्याने साखळी ताणायची आणि जिथे त्याची मूठ आली तिथे सळई रोवायची. मग दोघांनी पुढे निघायचं. मागचा त्या सळईपाशी पोचला की पुन्हा तेच, आणि तिथून निघताना सळई उपटून घ्यायची. मागच्याच्या हातात जितक्या सळ्या, तितक्या साखळ्या जमीन झाली. पुढच्याकडे किती, मागच्याकडे किती, जमिनीत किती, बेरीज नेहमी दहा. नाही आली तर साहेब दोघांना पहिल्या खुंटीपासून परत पाठवत.

काका म्हणायचे, "रेघ सरळ आहे की नाही ते पुढच्याला कधीच दिसत नाही. ते फक्त मागच्याला दिसतं. पुढचा नुसता आपला मागच्यावर विसंबून चालतो."

लहानपणी मला वाटायचं, काका स्वतःचा मोठेपणा सांगताहेत. स्वतःचा मोठेपणा सांगण्याइतकं त्यांना तोंडच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

झाडीत, उंच गवतात किंवा धुक्यात खुणा दिसत नाहीत आणि हाकाही पोचत नाहीत. तिथे हे लोक साखळीतूनच बोलत. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. तीन म्हणजे रेघ संपली, मी शेवटच्या खुंटीला लागलो, सळ्या घेऊन माझ्याकडे ये. ज्याला हिसके मिळाले त्याने तेवढेच परत द्यायचे, म्हणजे निरोप पोचल्याचं समोरच्याला कळतं. त्याला ते 'पोच' म्हणत. बोलायची सुरुवात नेहमी पुढच्याने करायची. मागच्याने आपणहून काही सांगायचं ते एकच, 'चल', आणि तेही साहेबांनी सांगितलं तरच. कारण साहेब मागच्यापाशी उभे असतात, नकाशा त्यांच्या हातात असतो, पुढची जमीन ते आधी फिरून आलेले असतात. मागून दोन हिसके आले म्हणजे साहेबांचा हुकूम. पुढच्याने शंका न काढता पाय उचलायचा.

हे सगळं मला पाढ्यांच्याही आधी पाठ झालं. कारण आमच्या घरात ती साखळी होती.

घर आमचं बोळासारखं. रस्त्याकडची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे अंगण आणि अंगणाच्या शेवटी विटांची भिंत. सगळी दारं एका ओळीत, पुढच्या दारात उभं राहिलं की थेट मागची भिंत दिसायची. काका पुढच्या खोलीत झोपायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठले की साखळी उलगडून पसरायचे. एक मूठ त्यांच्या खाटेपाशी, मग कड्या स्वयंपाकघरातून, आईच्या शेगडीला वळसा न घालता सरळ, मागच्या दाराबाहेर, अंगणातून, आणि दुसरी मूठ भिंतीच्या पायथ्याशी. म्हणायचे, "गुंडाळून ठेवली की पीळ पडतो."

आई पोळपाट उचलून बाजूला होत म्हणायची, "भावजी, माझ्या स्वयंपाकघरातून हद्द काढू नका. उद्या म्हणाल शेगडी शेजाऱ्यांची."

"शेगडी तुमचीच आहे वहिनी. मी नुसता जातोय पलीकडे."

पण ते पलीकडे जायचे नाहीत. खाटेवर बसून मूठ हातात धरायचे आणि अंगणाकडे बघत राहायचे. तेलाच्या फडक्याचा वास, कड्यांचा बारीक किणकिणाट आणि काकांची ती पाठमोरी मान, माझ्या लहानपणातल्या सुट्ट्या म्हणजे एवढंच. तरी त्या वाईट नव्हत्या. मी अंगणात पुढची मूठ धरून उभी राहायची आणि आमचं बोलणं चालायचं. मी एक हिसका द्यायची, घरातून एक यायचा. मी दोन द्यायची, दोन यायचे. दिसायचं काहीच नाही, स्वयंपाकघरातला धूर आणि आईची पाठ मध्ये. तरी हातात कुणीतरी हात दिल्यासारखं वाटायचं. शाळेत मला मैत्रिणी कमीच होत्या, त्यामुळे हे मला फार आवडायचं.

तीन मात्र द्यायचे नाहीत, असं काकांनी बजावून ठेवलं होतं. आणि मुलांना 'देऊ नको' म्हटलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका सकाळी मी दिले. एक, दोन, तीन. परत पोच आली नाही. थोड्या वेळाने काका मागच्या दारात आले. अनवाणी, हातात आमच्या दाराआड उभ्या असायच्या त्या चार गंजक्या सळ्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा. ते सरळ माझ्याकडे चालत आले, पण माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यावरून, मी जिथे उभी होते तिथे कुणीतरी उंच माणूस उभा असावा, तसं बघत होते. मग त्यांची नजर खाली आली, मी दिसले, आणि ते तिथेच अंगणात बसले. रडले. मोठा माणूस असा तोंड उघडं टाकून रडताना मी पहिल्यांदा पाहिला. आईने मला आत ओढून पाठीत धपाटा घातला, का ते तिलाही माहीत नव्हतं.

आता बाबांचं सांगते. मी नुकती भिंत धरून चालायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. खाडीच्या मुखाशी खाऱ्या दलदलीची मोजणी निघाली होती, आमच्या घरापासून बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. एके सकाळी धुकं पडलं, त्यात मोजणी चालू होती, आणि बाबा धुक्यातून परत आले नाहीत. साखळीची मूठ चिखलात मिळाली. बाबा मिळाले नाहीत. कचेरीने लिहिलं, वाट चुकून बेपत्ता.

काका एकटेच घरी आले तेव्हा त्यांच्या पायांवर गुडघ्यापर्यंत निळसर राखाडी चिखल वाळून बसला होता. हातात चार सळ्या होत्या. उरलेल्या सहा बाबांकडे. आई सांगायची, तो चिखल पायरीवरून निघता निघेना. पाणी टाकलं की कुजक्या शिंपल्यांचा वास पुन्हा वर यायचा.

आधी लोक हळहळले, मग कुजबुजायला लागले. खाडीपलीकडे मोठं गाव, तिथून गाड्या कुठेही जातात. धुकं काय, बहाणाच तो. असे किती नवरे धुक्यात गेलेत. आईने हे ऐकलं आणि उचलून धरलं. मला वाटतं, तिला ते सोयीचं पडलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, पळालेल्याशी येतं. ती रोज भांडायची. भाजी करपली तरी त्यांचं नाव, छत गळलं तरी त्यांचं. "तिकडे आरामात असतील" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते 'तिकडे' मला एखाद्या ओळखीच्या गावासारखं वाटायला लागलं. शाळेत मी पळपुट्याची मुलगी होते. मी बाबांसाठी कधी रडले नाही. पळून गेलेल्यासाठी कोण रडतं?

काका यातलं सगळं ऐकायचे, मान खाली घालून जेवायचे आणि ताट उचलून ठेवायचे.

कचेरीत ते मागेच राहिले. नवा पुढचा आला, तो गेला, दुसरा आला. काकांना दोनदा पुढचं टोक देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. रांगेत ते शेवटी उभे राहायचे, बसमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे, दारातून सगळे गेल्यावर जायचे. लग्न ठरत आलं होतं, ते त्यांनी मोडलं. मुलीकडच्यांना म्हणाले म्हणे, "माझं एक काम अर्धं राहिलंय." मुलीकडच्यांनी कपाळाला हात लावला.

आणि ती साखळी बिघडली. कचेरीच्या आवारात दोन दगडांवर पितळी खिळे ठोकलेले होते, त्यांमधलं अंतर म्हणजे साखळीची खरी लांबी. प्रत्येक साखळी अधूनमधून त्यावर ताणून तपासत. दलदलीतून आलेली साखळी वीतभर लांब भरली. लोहाराने कड्या ठोकून दुरुस्त केली. पुन्हा तपासली तर पुन्हा वीतभर लांब, कोठीतल्या खुंटीवर नुसती टांगलेली असताना. पुन्हा ठोकली, पुन्हा वाढली. शेवटी साहेबांनी ती बाद केली आणि काकांनी घरी आणली.

"कड्यांची तोंडं उघडतात ओढून ओढून," मी मोठी झाल्यावर काकांना शहाणपण शिकवलं होतं. "त्यात काय एवढं?"

"ओढून ओढून उघडतात, बरोबर," काका म्हणाले. "खुंटीवर तिला कोण ओढत होतं?"

मी शिवणकाम करते. गळ्यात दिवसभर मोजपट्टी असते. काका तिला 'चिंधी' म्हणायचे. लग्न होऊन मी दोन गल्ल्या पलीकडे गेले, आई गेल्यावर यंत्र घेऊन परत याच घरात आले, कारण काकांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. आमच्या ह्यांनी पहिल्याच सकाळी साखळीत पाय अडकून चहा सांडला आणि विचारलं, "हे काय, घरात बैल बांधायचाय?" पण तेही हळूहळू पाय उचलून चालायला शिकले. या घरात सगळेच शिकायचे.

काका निवृत्त झाल्यावर साखळी रोजच पसरलेली असायची. भिंतीपाशी ठेवलेली मूठ कधी कधी सकाळी जागेवर नसायची, पुढे सरकलेली, विटांना लागून उभी. कड्या ताठ. मी म्हणायची मांजर. पहाटे पडल्या पडल्या मला कड्यांचा आवाज यायचा, कुणीतरी जड पावलाने निघाल्यासारखा आणि लगेच थांबल्यासारखा. मी उशी कानावर घ्यायची. मांजर, मी स्वतःला सांगायची. आमच्या गल्लीत त्या वेळी मांजर नव्हतं, पण सांगायला काय जातं?

एकदाच मी हात लावला. काकांना छातीच्या दुखण्यासाठी इस्पितळात ठेवलं होतं, घरात मी एकटी. त्यांची मूठ खाटेच्या खांबाला अडकवलेली होती, ती मी स्वतः अडकवली होती. साखळी उचलून ठेवावी म्हणून मी भिंतीपाशी वाकले आणि पुढची मूठ हातात घेतली. साखळीला एक हिसका बसला. स्पष्ट. लहानपणी बसायचा तसाच. थांब. मूठ टाकून मी आत पळाले आणि धुतलेल्या कपबशा पुन्हा विसळत बसले. हे मी कुणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

काका इस्पितळातून आले ते खाटेवरच. छातीत पाणी होतं, पाय सुजून निकामी झालेले. डॉक्टर म्हणाले, आता जितकं सुखाने जाईल तितकं जाऊ द्या. पण जात नव्हतं. खाणं सुटलं, बोलणं कमी झालं, श्वास घेताना घशात घरघर. मूठ मात्र सुटेना. झोपेतही ती छातीशी. अंग पुसताना मी बोटं सोडवायला गेले तर त्या मरतुकड्या हातात कुठून जोर आला कोण जाणे.

"सोडा की हो काका. कोण नेतंय तुमचं पितळ?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दादा उभा आहे, पोरी."

"कुठे?"

"तिथेच. मी त्याला उभं करून ठेवलंय."

मग त्यांनी सांगितलं. तुकड्या तुकड्यांनी, मध्ये मध्ये श्वास गोळा करत. त्या सकाळी धुकं इतकं होतं की स्वतःची मूठही दिसत नव्हती. चार साखळ्या झाल्या होत्या, पाचवी चालू होती. भरती लागायची वेळ. पुढून एक हिसका आला, थांब. काकांनी एक परत दिला आणि थांबले. दादा सळई रोवतोय, आता दोन येतील. आले नाहीत. पाय गारठले होते, पाणी घोट्यावर चढत होतं. साहेब मागे उंचवट्यावर ताडपत्रीखाली चहा घेत बसले होते. काका वाट बघत राहिले. मग कंटाळले.

"मी दोन दिले," काका म्हणाले. "साहेबांनी सांगितलं नव्हतं. मला थंडी वाजत होती म्हणून दिले."

माझ्या हातातलं ओलं फडकं तसंच राहिलं.

"दादा थांबला होता, कारण पुढे पाण्याचा पाट होता. खोल. तो काठावर उभा राहून विचार करत असणार. मागून 'चल' आलं. त्याला वाटलं, साहेबांनी बघितलंय, पलीकडे जायला उतार असेल. त्याने पोच दिली, पोरी. दोन. अगदी शिस्तीत. आणि पाय टाकला."

साखळी एकदम ओढली गेली आणि लगेच सैल पडली. काकांनी हाका मारल्या, मग साखळी गोळा करत करत पुढे गेले. दुसरी मूठ चिखलावरून घसरत त्यांच्याकडे आली. रिकामी.

मला वाटलं होतं, अशा वेळी माणसाला दुःख होत असेल. मला राग आला. असा राग की दात वाजायला लागले. "आणि आई?" मी विचारलं. "आई जन्मभर त्यांना शिव्या देत बसली. मला पोरं पळपुट्याची म्हणायची. तुम्ही समोर बसून जेवत होतात काका! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"वहिनीने मला घराबाहेर काढलं असतं."

"काढायलाच हवं होतं!"

"हो," काका म्हणाले. "मग तू कुणाकडे राहिली असतीस?"

मी आणखी चिडले. ते म्हणाले, "पुढच्या टोकाला जा. तीन दे. मला त्याच्याकडे आपणहून जाता येत नाही, बोलावल्याशिवाय मागच्याला जाता येत नाही. तो बिचारा कसा बोलावणार, त्याची मूठ सुटलीये. तू त्याची मुलगी आहेस. तू दे."

"मी नाही देणार," मी म्हटलं. आणि यंत्रावर जाऊन बसले. कुणाच्या तरी सदऱ्याची बाही उलटी जोडली.

पुढचे दिवस मी त्यांचं सगळं केलं आणि एक अक्षर बोलले नाही. औषध, पाणी, चादरी. ते काही मागत नव्हते, फक्त अंगणाकडे बघायचे. श्वास असा अडकायचा की मी शेजारच्या खोलीत स्वतःचा श्वास धरून बसायची, आणि पुन्हा सुरू झाला की मला सुटल्यासारखंही वाटायचं आणि संतापही यायचा. हे म्हणाले, "माफ कर म्हणत नाही मी. पण माणूस अडकलाय गं." मी म्हटलं, "अडकू दे."

मग एका सकाळी धुकं पडलं. आमच्याकडे असं धुकं पडत नाही. उठले तर खिडक्या पांढऱ्या, समोरचं घर नाही, रस्ता नाही. कड्यांचा आवाज येत होता. काकांचे डोळे उघडे होते, मूठ दोन्ही हातांत, छाती भात्यासारखी वरखाली. साखळी खाटेपासून जमिनीला न टेकता ताठ गेली होती, स्वयंपाकघरातून, मागच्या दारातून बाहेर पांढऱ्यात.

मी तिच्या कडेने चालत गेले. अंगणात दोन पावलांपुढचं दिसत नव्हतं. कड्यांवर हात ठेवून जात राहिले. बिल्ले बोटांना लागत होते, एक दात, दोन दात, तीन, चार, मधला गोल, मग पुन्हा उतरत. आमचं अंगण केवढंसं ते, पण भिंत काही लागेना. शेवटी मूठ लागली. ती हवेत होती, माझ्या कमरेच्या उंचीवर, कुणीतरी धरून उभं राहावं तशी. मला भीती वाटली नाही, असं खोटं सांगणार नाही. तरी मी ती घेतली. घेताना ती हलकेच सोडली गेली.

मी एक हिसका दिला. थांबा. का दिला ते मला तेव्हा कळलं, देता देताच. इतके दिवस मी रागावले होते, आणि मला त्यांना जाऊ द्यायचंच नव्हतं. माझ्या हातात हात देणारा तो एकच माणूस होता.

घरातून पोच आली. एक. शिस्तीत. आणि मग ते थांबले. मी सांगितलं म्हणून थांबले. धुक्यात उभी राहून मला घशातली घरघर ऐकू येत होती, आत घेतलेला श्वास बाहेर पडत नव्हता. जन्मभर हा माणूस कुणीतरी थांब म्हटलं म्हणून थांबला होता, आणि आता मीही तेच म्हणत होते.

"जा काका," मी मोठ्याने म्हटलं. मग दिले. एक. दोन. तिसरा द्यायला हात उठेना, दोन्ही हातांनी दिला.

थोडा वेळ काहीच नाही. मग पोच आली. एक, दोन, आणि तिसरा अगदी हळू. माझ्या बाजूने कुणीतरी गेल्यासारखी हवा हलली आणि साखळी सैल पडली. मी तिथेच बसून ती गोळा करायला लागले. ओढत गेले, ओढत गेले, आणि धुक्यातून, मागच्या दाराच्या उंबऱ्यावरून खणखणत, दुसरी मूठ माझ्याकडे आली. रिकामी.

आत गेले तेव्हा काका शांत पडलेले होते, हात उघडे. मी चादर नीट करायला पायांकडे वळले. महिनाभर जे जमिनीला टेकले नव्हते ते पाय गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलाने भरले होते. निळसर राखाडी चिखल, कुजक्या शिंपल्यांच्या वासाचा. ती दलदल भराव घालून कधीच बुजवली आहे, तिथे आता गोदामं आहेत.

शेजारचे पाण्याची बादली घेऊन आले. मी म्हटलं, पाय धुवायचे नाहीत. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, पण माझा चेहरा बघून कुणी वाद घातला नाही. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. मी उठून दाराआड पाहिलं. चार सळ्या तिथे नव्हत्या. फरशीवर गंजाचे चार ठिपके होते.

सहा आणि चार, मी मनात म्हटलं.

मग मी खाटेपाशी बसले आणि रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, काकांसाठी रडतेय. त्यांच्यासाठीही होतं ते. पण तोंडातून सारखं 'बाबा' येत होतं, आणि ते मला थांबवता येत नव्हतं.